परदेशातून जुनी डिझेल पिकअप आणायची किंवा घरची जुनी गाडी उभी करायची आहे? नेरूळकरांनी आधी कागद बघावेत, मग इंजिन

इन्स्टाग्रामवर एखादी जुनी टोयोटा हायलक्स दिसते. चौकोनी बॉनेट, मागे उघडा हौदा, धूर सोडत डोंगर चढणारी. किंमत बघितली तर नेरूळच्या सोसायटीतल्या नव्या हॅचबॅकपेक्षा कमी. मग प्रश्न पडतो, ही गाडी इथे आणून, नीट करून, नवी मुंबईचा 'एमएच-४३' नंबर लावता येईल का?

थोडक्यात उत्तर असं: ऐंशीच्या दशकातली असेल तर आज तरी नाही. त्याहून जुनी असेल तर येईल, पण ती रोज चालवता येणार नाही. आणि ती गॅरेजमध्ये कशी दुरुस्त होते, यावरच आरटीओमध्ये तिचं काय होणार ते ठरतं. हा शेवटचा मुद्दा बहुतेकांना उशिरा कळतो.

तीन आणि पन्नास यांच्यामधली दरी

परदेशातली वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी असून चालत नाही. शिवाय स्टिअरिंग उजवीकडे हवं आणि गाडी उतरवायची ती मुंबई बंदरातच. म्हणजे नेरूळहून न्हावा-शेवा कितीही जवळ असलं, तरी ते इथे उपयोगाचं नाही.

विंटेज गाड्यांना वेगळी वाट आहे. आधी १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेल्या गाड्याच परवान्याशिवाय आणता यायच्या. २०२५ च्या सुरुवातीला ही अट बदलली. आता पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी आणता येते आणि ही मर्यादा दरवर्षी एकेक वर्षाने पुढे सरकते. सीमाशुल्क आणि जीएसटी अर्थातच भरावा लागतो, आणि तो गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो.

तीन वर्षांहून जुन्या आणि पन्नासहून तरुण अशा सगळ्या गाड्या या दोन वाटांच्या मधल्या दरीत पडतात. डिझेल पिकअपचं दुर्दैव म्हणजे त्यातल्या बहुतेक नेमक्या इथेच आहेत. पेट्रोल पिकअप शंभर वर्षांपासून आहेत, पण छोट्या पिकअपमध्ये डिझेल इंजिन सर्रास आलं ते १९७३ च्या तेलसंकटानंतर. हायलक्समध्ये डिझेल आलं सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. अमेरिकेत कमिन्स इंजिनाची प्रसिद्ध डॉज पिकअप आली १९८९ मध्ये, म्हणजे तिला २०३९ पर्यंत थांबावं लागेल.

मग आज बसतं काय? लँड रोव्हर. तिच्यात १९५७ पासून डिझेल इंजिनाचा पर्याय होता, ती पिकअपच्या रूपात मिळायची आणि ब्रिटिश असल्यामुळे स्टिअरिंगही उजवीकडे. टोयोटा लँड क्रूझरच्या '४०' मालिकेत १९७४ च्या सुमारास डिझेल आलं, त्यामुळे तिच्या सुरुवातीच्या गाड्याही आता पात्र ठरू लागल्या आहेत. यादी फार लांबत नाही.

इथे एक बारीक गोष्ट. पन्नास वर्षं मोजायची ती कारखान्यातून बाहेर पडल्यापासून नाही, तर पहिल्या नोंदणीपासून. १९७४ ची गाडी शोरूममध्ये पडून राहिली आणि १९७८ मध्ये नोंदली गेली, तर तिचं अर्धशतक २०२८ मध्ये भरतं. म्हणून विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोंपेक्षा मूळ परदेशी नोंदणीचा कागद आधी मागा.

'विंटेज' नोंदणी म्हणजे काय मिळतं?

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल करून विंटेज गाड्यांसाठी देशभर एकच पद्धत आणली गेली. गाडी दुचाकी किंवा चारचाकी हवी, वैयक्तिक वापराची हवी, ५० वर्षांहून जुनी हवी आणि मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको.

अर्ज फॉर्म २० मध्ये होतो. सोबत विमा, शुल्क आणि आयात गाडी असेल तर कस्टम्सचं 'बिल ऑफ एन्ट्री'. गाडी आधीच भारतात नोंदलेली असेल तर जुनं आरसी बुक. ६० दिवसांत प्रमाणपत्र मिळणं अपेक्षित आहे. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचं ५,००० आणि मुदत १० वर्षं. नव्या नंबरात राज्याच्या 'एमएच'नंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात, मग दोन अक्षरांची मालिका आणि चार आकडे. जुनी नोंदणी असलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. ज्यांच्या घरात 'एमएम'ने सुरू होणारा, 'एमएच-०१' पद्धतीच्या आधीचा नंबर आहे, त्यांच्यासाठी हीच खरी कमाई.

बदल्यात काय द्यावं लागतं? स्वातंत्र्य. विंटेज गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. पाम बीच रोडवर रविवारी सहज चक्कर यात बसत नाही. हौद्यात सामान टाकून एपीएमसीला जाणं तर नाहीच.

पिकअपची अडचण इथेच सुरू होते. मोटारीच्या बाबतीत 'वैयक्तिक वापर' सिद्ध करायला काही लागत नाही. पिकअप मात्र जन्मतःच मालवाहू. जुन्या आरसी बुकात 'गुड्स' असं लिहिलेलं असेल, तर ती व्यावसायिक गाडी ठरते आणि विंटेजच्या व्याख्येबाहेर जाते. आधी तो वर्ग बदलून घ्यावा लागतो. आज इसुझू व्ही-क्रॉस किंवा नवी हायलक्स खासगी म्हणून नोंदली जाते, त्यामुळे पिकअप खासगी असणं ही आता अनोखी गोष्ट राहिलेली नाही. पण पन्नास वर्षांपूर्वीचा कारकून असा विचार करत नव्हता.

विंटेज नको, साधी नोंदणी हवी असेल तर?

आयात करून आणलेली पण आधीच भारतात नोंदलेली जुनी गाडी नियमित वापरायची तर नूतनीकरणाची वाट आहे. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५. गाडी मालवाहू वर्गात असेल तर या वयात दरवर्षी फिटनेस.

खर्चाचा धक्का इथे बसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या गाड्यांचं नूतनीकरण शुल्क वाढलं. हलक्या मोटार वाहनासाठी ते १०,००० रुपये आहे, तर आयात केलेल्या चारचाकीसाठी ८०,०००. जीएसटी वेगळा. म्हणजे आयात गाडी पाच वर्षं साधी चालवायला ८०,००० आणि तीच विंटेज म्हणून दहा वर्षं ठेवायला फार तर २०,०००. सरकारला या गाड्या रस्त्यावर नकोत, संग्रहात चालतील, हे यातून स्पष्ट दिसतं. धोरण म्हणून ते मला पटतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या डिझेल इंजिनाचा धूर नेरूळच्या सिग्नलवर रोज कुणी का सहन करावा?

नूतनीकरणाला उशीर झाला असेल तर चारचाकीला दरमहा ५०० रुपये जादा. दोन वर्षांचे १२,००० होतात. त्यावर महाराष्ट्राचा पर्यावरण कर, जो डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त आहे. दिल्लीतला दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवरचा निर्बंध मात्र महाराष्ट्राला लागू नाही. या दोन गोष्टींची गल्लत खूप होते.

महाराष्ट्रातली खरी 'आयात' गाडी

जपानहून कंटेनर मागवणारे थोडे. आपल्याकडे जास्त सापडते ती आजोबांच्या काळात आलेली गाडी. महिंद्राने चाळीसच्या दशकाच्या शेवटी विलीज जीप सुट्या भागांत आणून मुंबईत माझगावला जोडायला सुरुवात केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि फार्गो ट्रक जोडले जायचे. अशा गाड्यांच्या आरसी बुकात 'आयात' लिहिलंय की नाही, हे आधी बघा. त्या एका शब्दावर वरच्या ७०,००० रुपयांचा फरक पडतो.

दुसरी अडचण जास्त अवघड आहे. महिंद्राच्या जुन्या जीप पेट्रोलवर चालायच्या. १९६५ मध्ये आलेला एफसी-१५० हा छोटा ट्रकही पेट्रोलचा. पेट्रोल महागलं तसं गावोगावच्या मिस्त्रींनी या गाड्यांत डिझेल इंजिनं बसवली. कुठे पर्किन्स, कुठे प्यूजो, कुठे ट्रॅक्टरचं. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते शहाणपणच होतं. पण आज तीच गाडी 'जुनी डिझेल पिकअप' म्हणून विकायला येते, आणि इंजिन बदललेलं असल्यामुळे विंटेजच्या 'मूळ रूपात' या अटीवर अडकते.

इंजिन बदलाची नोंद आरसीवर नसेल तर साधं नूतनीकरणही अवघड. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीचा तपशील नोंदणीपेक्षा वेगळा होईल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे लागू करण्याच्या बाजूने निकाल दिला. त्यामुळे 'साहेब समजून घेतील' यावर पैसे लावू नका.

गॅरेजमध्ये काय जपायचं?

पहिली गोष्ट, चॅसिस नंबर. तपासणीच्या वेळी आरटीओ निरीक्षक तो चॅसिसवर वाचतो, कागदावर पेन्सिल घासून त्याचा ठसा घेतला जातो. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत नेरूळमध्ये उभी राहिलेली गाडी खालून कुजते. डेंटिंगवाला सँडब्लास्टिंग करतो, पट्टी वेल्ड करतो, जाड रंग मारतो आणि नंबर गायब होतो. म्हणून काम सुरू होण्याआधी नंबर शोधा, फोटो काढा, ठसा घ्या आणि त्या जागेवर ग्रीस लावून चिकटपट्टी मारा. तेवढा भाग हातानेच साफ करून घ्या.

दुसरी, इंजिन ब्लॉक. नंबर त्याच्यावर असतो. ब्लॉकला तडा गेला की मिस्त्री म्हणतो, कुर्ल्यातून दुसरा आणू. थांबा. बिडाच्या ब्लॉकचा तडा बऱ्याचदा धातूचे टाके घालून, वेल्डिंगशिवाय बंद करता येतो. सिलिंडर झिजले असतील तर रीबोअर करा, नवे लायनर टाका. पिस्टन, रिंग, बेअरिंग, हेड गॅस्केट बदलल्याने इंजिनाची ओळख बदलत नाही. ब्लॉक बदलल्याने बदलते. ही कामं करणारी लेथ आणि मशीन शॉप ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसीत मिळतात, शिरवणे-नेरूळची एमआयडीसी तर हायवेच्या पलीकडेच आहे. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये खोलण्यापेक्षा तिथे शेड भाड्याने घेतलेली बरी. शेजारीही बोलते राहतात.

तिसरी, इंधन. वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या टाकीत पाणी आणि गंज साठतो. ती काढून धुतल्याशिवाय इंजिनाला डिझेल द्यायचं नाही, नाहीतर तो गाळ थेट इंजेक्शन पंपात जातो. पंप आणि नोझल टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याकडेच द्यावेत, साध्या गॅरेजमध्ये ते खोलू देऊ नयेत. शिवाय डिझेल बदललंय. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यात गंधक १ टक्क्यापर्यंत, म्हणजे १०,००० पीपीएम असायचं. १ एप्रिल २०२० पासून मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये ते १० पीपीएम आहे. जुन्या डिझेलची सवय झालेली रबरी सील नव्यात आकसतात आणि पंप गळू लागतो. उपाय सोपा आहे, नवी सील टाकायची.

आणि सुरक्षेचा एक मुद्दा, जो कुठल्याच फॉर्मवर नसतो. बरीच वर्षं बंद असलेलं डिझेल इंजिन पहिल्यांदा सुरू करताना पंपाचा रॅक अडकलेला असू शकतो. मग इंजिन सुसाट सुटतं आणि किल्ली काढूनही थांबत नाही, कारण डिझेलला पेटायला ठिणगी लागतच नाही. म्हणून आधी इंजिन हाताने फिरवून बघा. सुरू करताना एअर फिल्टर काढून ठेवा आणि हवेच्या तोंडाशी सपाट लाकडी फळी घेऊन एक माणूस उभा करा. इंजिन सुटलं तर फळी दाबून हवा तोडायची. हात किंवा कापड कधीच लावायचं नाही.

पैसे देण्याआधी

बयाणा देण्याआधी आरसी बुक आणि गाडीवरचे दोन्ही नंबर समोरासमोर ठेवून वाचा. मूळ मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ लागतो, आणि तो वारसानेच आधी भरायला हवा. नेहमीच्या खरेदीला फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथली एनओसी, फॉर्म २८. हाताने लिहिलेलं जुनं आरसी बुक असेल तर त्याची माहिती 'वाहन' प्रणालीत चढलेली नसते. जिथे गाडी नोंदलेली आहे त्याच कार्यालयातून ती बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते. त्याशिवाय ऑनलाइन काहीच पुढे सरकत नाही. हे काम विकणाऱ्याकडून करून घ्या आणि ते झाल्यावरच उरलेली रक्कम द्या.

स्टिअरिंग डावीकडे असेल तर कलम १२० बघा. ठरवून दिलेलं चालू स्थितीतलं इशारा देणारं साधन, म्हणजे इंडिकेटर, असेल तर डावं स्टिअरिंग असलेली गाडीही रस्त्यावर आणता येते.