जपानची 'वाशी' आणि महाराष्ट्राचा हातकागद

जपानमध्ये हाताने बनविल्या जाणाऱ्या पारंपरिक कागदास 'वाशी' म्हणतात. 'वा' म्हणजे जपानी आणि 'शी' म्हणजे कागद. शिमाने, गिफू व साइतामा या तीन प्रांतांतील वाशीकलेचा समावेश युनेस्कोने २०१४ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. कारागीर कुटुंबे, जतन मंडळे आणि शाळा यांनी चालविलेले शिक्षण हा या कलेचा कणा आहे.

निर्मिती

वाशीसाठी कोझो (कागदी तुती), मित्सुमाता व गाम्पी या झुडपांची आतील साल वापरतात. हिवाळ्यात तोडलेल्या फांद्या वाफवून साल सोलली जाते. ती क्षारयुक्त पाण्यात शिजवून, धुऊन, निवडून कुटली जाते. लगद्यात भेंडीच्या कुळातील 'तोरोरो-आओई' या वनस्पतीच्या मुळांचा बुळबुळीत रस मिसळतात. त्यामुळे पाणी सावकाश निथळते, तंतू सारखे पसरतात आणि ओले ताव एकावर एक रचले तरी चिकटत नाहीत. कोझोचे तंतू साधारण एक सेंटीमीटर लांब असतात, तर लाकडाचे बहुधा एक ते तीन मिलिमीटर. पातळ असूनही वाशी चिवट असते ती यामुळेच.

महाराष्ट्रातील परंपरा

दौलताबादजवळील कागजीपुरा या गावाच्या नावातच हा व्यवसाय आहे. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलविली, तेव्हा आलेल्या कारागिरांनी तो रुजविला असे मानले जाते. जुन्नर व एरंडोल हीदेखील कागदाची जुनी केंद्रे. जपानी कागद कुंचल्यासाठी मऊ ठेवला जाई. आपल्याकडे मात्र बोरू अडखळू नये म्हणून कागदास खळ लावून तो दगडाने घोटला जाई. गिरणीच्या स्वस्त कागदापुढे हा उद्योग मागे पडला. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत त्यास पुन्हा चालना दिली. पुण्यात १९४० मध्ये कृ. भा. जोशी यांच्या पुढाकाराने हातकागद संस्था सुरू झाली. अमेरिकी अभ्यासक डार्ड हंटर यांनी जपान आणि भारत या दोन्ही देशांतील हातकागदावर १९३० च्या दशकात ग्रंथ लिहिले.

पुस्तकबांधणीचे शिक्षण

कागद बनविता आला तरी त्याचा उपयोग शिकविला नाही, तर मागणी टिकत नाही. म्हणून कागदकामाबरोबर बांधणी शिकविणे महत्त्वाचे ठरते. जपानी चार छिद्रांची बांधणी नवशिक्यास सोपी आहे. दुमडलेल्या तावांची घडी बाहेर ठेवून मोकळ्या कडा आरीने छेदतात व मेण लावलेल्या दोऱ्याने शिवतात. कण्यास गोंद लागत नाही. पातळ वाशी व गव्हाच्या स्टार्चची खळ हीच जगभर जीर्ण हस्तलिखितांच्या दुरुस्तीतही वापरली जाते. पुढे पाण्याने ती सोडविता येते, हा तिचा मोठा गुण.

हे शिक्षण महागडे नाही. वारणा-मोरणा खोऱ्यातील शिराळ्यासारख्या गावच्या शाळेतही ते शक्य आहे. तेथे उसाचे चिपाड मिळेल. मात्र त्याचे तंतू आखूड असल्याने सुती चिंध्यांचा लगदा मिसळावा लागेल. पातेले, जाळीची चौकट, सुई आणि दोरा एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. जपानात ही विद्या शाळकरी मुलांपर्यंत पोहोचविली जाते. आपल्याकडे परंपरा जुनी आहे, उणीव आहे ती शिकविणाऱ्या हातांची.