जुलाह्याची चादर

१८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकर आमच्या मालेगावात आले. त्याच्या कितीतरी आधी, पंधराव्या शतकात, बनारसचा एक जुलाहा पदे रचत होता. कबीरांना उपमा शोधायला लांब जावे लागले नाही. ताणा, बाणा, सूत सारे हाताशीच होते. देहाला विणलेली चादर म्हणणे विणकरालाच सुचावे! १६०४ मध्ये संकलित झालेल्या आदिग्रंथातल्या एका पदात त्यांची आई रडते : पोराने विणणे सोडले, आता लेकरे जगणार कशी? दोहे शिकवताना आम्ही शिक्षक हे रडणे मात्र सांगत नाही. माझे विद्यार्थी यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेले. त्यांना हातमागाचा धोटा दाखवायचा, तर मोहल्लाभर हिंडावे लागले. एका म्हातारीच्या फळीवर तो सापडला, हाताळून गुळगुळीत झालेला.