ऑटोसोमल डीएनए चाचणी व कुलशोध (सिन्नर परिसर)

लिंग-गुणसूत्रे वगळता उरलेल्या २२ गुणसूत्र-जोड्यांची तपासणी. लाळेच्या नमुन्यावरून होणाऱ्या या चाचणीत आई-वडील दोन्हीकडच्या नात्यांचा माग लागतो. सख्ख्या चुलत, आते किंवा मामे भावंडांत सरासरी १२.५ टक्के डीएनए सामाईक असतो; पुढे तो झपाट्याने घटतो.

सिन्नरसारख्या (जि. नाशिक) ठिकाणी खरी अडचण वेगळी आहे. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आहे, शिवाय सोयरिकी बहुधा जातीतच जुळतात. त्यामुळे दोन व्यक्तींत अनेक वाटांनी आलेले समान तुकडे सापडतात आणि दूरचे नाते जवळचे भासते. म्हणून कागदाचा आधार हवाच. सुमारे ३० किमी.वरील नाशिकच्या रामकुंडावर अस्थिविसर्जनाला, श्राद्धाला येणाऱ्या यजमानांचे मूळ गाव, आजा-पणजांची नावे तीर्थोपाध्याय पिढ्यान्‌पिढ्या वह्यांत नोंदवत आले आहेत. हा ठेवा अमोल आहे. पण त्यातील वंशक्रम मुख्यतः पुरुषांकडून चालतो. आजीच्या माहेरचा धागा डीएनएतच सापडण्याची शक्यता अधिक.



चाचणी घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीची, तिच्या संमतीने, आधी करावी.