मालक कीं कूळ ?

एखादी वस्तु रोख पैसे मोजून विकत घेतली म्हणजे आपण नेमकें काय विकत घेतों, असा प्रश्न आमच्या आजोबांना कोणीं विचारला असता, तर त्यांनीं विचारणाराच्या शहाणपणाविषयींच शंका घेतली असती. घंगाळ घेतलें म्हणजे घंगाळ घेतलें. त्याला भोंक पडलें तर तांबटाकडून डाग देऊन घ्यावा, कीं त्यांत तुळस लावावी, कीं तें मोडींत घालावें, हें ठरविण्याचा अधिकार घंगाळाच्या किंमतींतच आला, असें ते समजत. ज्यानें तें घडविलें त्याचा विक्रीनंतरही त्या भांड्यावर कांहीं अंमल उरतो, ही कल्पना त्यांना हास्यास्पद वाटली असती. आज मात्र न्यायालयें, विधिमंडळें व व्यापारविषयक आयोग हाच प्रश्न मोठ्या गंभीरपणें चर्चीत आहेत; फरक इतकाच कीं तो घंगाळाचा नसून ट्रॅक्टर, मोटार, मोबाईल व संगणक यांचा आहे. ‘दुरुस्तीचा हक्क’ या नांवानें हा वाद ओळखला जातो. नांव नवें असलें तरी त्याचीं मुळें बरींच मागें जातात. तीं पाहिल्याखेरीज आजचा तंटा नीट उमजावयाचा नाहीं; म्हणून प्रस्तुत लेखांत त्यांचें थोडें दिग्दर्शन करण्याचें आम्ही योजिलें आहे.

हस्तकौशल्याच्या युगांत दुरुस्ती ही घडणीहून वेगळी विद्या नव्हती. ज्याला कुलूप करतां येई त्याला तें दुरुस्तही करतां येई. परंतु प्रत्येक कुलूप, प्रत्येक घड्याळ, प्रत्येक बंदूक ही आपापल्या परी एकमेव असे. एकीचा खिळा दुसरीस चालत नसे, आणि मोडलेल्या भागाच्या जागीं नवा भाग कानशीनें घासून घासून बसवावा लागे. या अडचणींतून निघण्याची एक वाट फ्रान्समध्यें दिसूं लागली. १७८५ सालीं टॉमस जेफर्सन हा अमेरिकेचा वकील या नात्यानें पॅरिस येथें राहत होता. ऑनोरे ब्लां नामक कारागिरानें त्याला बंदुकीच्या पन्नास चापांचे सुटे केलेले भाग दाखविले. हाताला येईल तो भाग उचलून जेफर्सननें स्वतः त्यांतील कित्येक चाप जुळविले, आणि ते बिनचूक बसले. ही हकीकत त्यानें स्वदेशीं लिहून कळविली. तींत या युक्तीचा उघड फायदा म्हणून त्यानें जो नमूद केला, तो शस्त्रें नादुरुस्त झालीं असतां ती सहज दुरुस्त करतां येतील हा होय !

ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. एकसारख्या सुट्या भागांची पद्धति पुढें अमेरिकेच्या सरकारी शस्त्रागारांतून शिवणयंत्रें, सायकली व मोटारी यांच्या कारखान्यांत शिरली, आणि आधुनिक यंत्रोद्योगाचा सारा डोलारा तिच्यावर उभा राहिला. म्हणजे ज्या पद्धतीच्या पोटीं आजचे प्रचंड कारखाने जन्मले, तिच्या बाल्यावस्थेंतच दुरुस्तीची सोय हा तिचा मोठा गुण म्हणून ओळखला गेला होता. हेन्री फोर्डच्या ‘टी’ नमुन्याच्या मोटारींत या गुणाचा कळस झाला. १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटीच्या वर खपलेली ही गाडी खेड्यांतला शेतकरी साध्या हत्यारांनीं खोली व जोडी. आपली गाडी झिजावी किंवा जुनाट ठरावी यांत आपल्याला संतोष नाहीं, अशा अर्थाचें फोर्डनें १९२२ सालच्या आपल्या आत्मवृत्तांत लिहून ठेविलें आहे.

परंतु फोर्डच्या या तत्त्वांतच त्याच्या पराभवाचें बीज होतें. ज्याला ज्याला गाडी हवी त्याला ती मिळाली, आणि ती मोडेना, तेव्हां नवी गाडी विकावयाची कोणाला ? या प्रश्नाचें उत्तर जनरल मोटर्स या प्रतिस्पर्धी कंपनीचा सूत्रधार आल्फ्रेड स्लोन यानें शोधिलें. दरवर्षीं नवा आकार, नवा रंग, नवा थाट बाजारांत आणावयाचा, म्हणजे चालती गाडीही मालकाच्या डोळ्यांना जुनी दिसूं लागते. यंत्र झिजण्याची वाट पाहण्याची गरजच उरली नाहीं. मन झिजलें कीं पुरे झालें. १९२७ सालीं फोर्डला ‘टी’ नमुना बंद करावा लागला.

मन झिजविण्याची कला मोटारींत वाढत असतांनाच, खुद्द वस्तूचें आयुष्य मोजूनमापून ठरविण्याचा उद्योग दुसरीकडे सुरू झाला होता. १९२४ सालच्या डिसेंबरांत जिनीव्हा येथें ओस्राम, फिलिप्स आदि विजेच्या दिव्यांच्या बड्या उत्पादकांनीं एकत्र येऊन एक संघ स्थापिला. फीबस या सूर्यदेवतेच्या नांवानें तो प्रसिद्ध आहे. बाजारपेठा वांटून घेण्याबरोबरच, दिव्याचें आयुष्य एक हजार तासांचें असावें, असें या संघानें ठरविलें. त्यापूर्वीं दीड ते दोन हजार तास जळणारे दिवे मिळत असत. सभासदांचे दिवे तपासले जात, आणि मर्यादेबाहेर अधिक काळ जळणारा दिवा करणाऱ्यास दंड होई ! दुसरें महायुद्ध सुरू झाल्यावर हा संघ मोडला. त्याची बाजू न्यायबुद्धीनें सांगावयाची तर हेंही सांगितलें पाहिजे कीं, दीर्घकाळ टिकणारा तारेचा दिवा त्याच विजेंत कमी उजेड देतो. १९५१ सालीं ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगानें या प्रकरणाची चौकशी करून हजार तासांची मर्यादा ही आयुष्य व उजेड यांमधील एक वाजवी तडजोड असूं शकते असें मान्य केलें. तेव्हां अल्पायुषी वस्तु म्हणजे प्रत्येक वेळीं लबाडीच, असें समजण्याचें कारण नाहीं. आक्षेप आहे तो निराळा. हजार तास पुरेत कीं दोन हजार हवेत, हें ठरविणारा गिऱ्हाईक असावयास हवा होता. तें एका बंद खोलींत त्याच्या पश्चात् ठरलें.

१९३२ सालीं, जागतिक मंदी ऐन भरांत असतां, न्यूयॉर्कच्या बर्नार्ड लंडन या गृहस्थानें एक पत्रक प्रसिद्ध करून ही गोष्ट उघड तत्त्व म्हणून मांडली. प्रत्येक वस्तूला सरकारनें आयुर्मर्यादा नेमून द्यावी, ती संपतांच ती वस्तु कायद्यानें मृत समजून नष्ट करावी, आणि जो कोणी ती पुढेंही वापरील त्याच्यावर कर बसवावा, अशी त्याची सूचना होती. लोक वस्तु फार दिवस वापरतात म्हणून मंदी हटत नाहीं, असें त्याचें निदान होतें. ‘नियोजित कालबाह्यता’ हा शब्दप्रयोग त्यानें पत्रकाच्या मथळ्यांतच योजिला. त्याची सूचना कोणत्याही सरकारनें स्वीकारली नाहीं. परंतु जें काम सरकारनें करण्याचें नाकारलें, तें पुढें कंपन्यांना स्वतःच करतां येऊं लागलें, असें आजची स्थिति पाहून म्हणावेसें वाटतें.

मध्यंतरींच्या काळांत कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूनें थोडा सरकला होता. १९५६ सालीं आय्. बी. एम्. कंपनीशीं झालेल्या तडजोडीनें अमेरिकन सरकारनें तिला आपलीं यंत्रें केवळ भाड्यानें न देतां विकण्यास, आणि स्वतंत्र दुरुस्तीकारांना सुटे भाग पुरविण्यास भाग पाडलें. १९७५ च्या हमीविषयक कायद्यानें, अमुकच कंपनीचे भाग वापरले तरच हमी टिकेल, अशी अट सामान्यतः निषिद्ध ठरविली. तोंपर्यंतचा झगडा लोखंडाचा होता. भाग मिळतो कीं नाहीं, एवढाच प्रश्न होता. पुढें यंत्राच्या पोटांत आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, शिरलें आणि वादाचें स्वरूप पालटलें.

लोखंड विकलें कीं विकणाराच्या हातून सुटतें. आज्ञावली मात्र विकली जात नाहीं, ती वापरण्याचा केवळ परवाना मिळतो. १९९८ सालीं अमेरिकेंत झालेल्या एका कायद्यानें ग्रंथ, गाणीं, चित्रपट इत्यादींवरील संगणकी कुलूप फोडणें हा अपराध ठरविला. हेतु चोरट्या प्रती रोखण्याचा. पण तेंच कुलूप ट्रॅक्टरच्या इंजिनावरही बसलें. पेरणीच्या ऐन दिवसांत यंत्र बंद पडलें, बिघडलेला भाग शेतकऱ्यानें स्वतः बदललाही, तरी कंपनीच्या माणसानें आपल्या संगणकावरून संमति दिल्यावांचून यंत्र हलावयाचें नाहीं, अशी तक्रार अमेरिकन शेतकरी करूं लागले. २०१५ सालीं ट्रॅक्टरांना या कायद्यांतून सूट मिळाली. पुढें जानेवारी २०२५ मध्यें तेथील केंद्रीय व्यापार आयोगानें जॉन डीअर या प्रख्यात कंपनीवर दुरुस्तीची मक्तेदारी केल्याबद्दल दावा दाखल केला.

मोबाईलची कथा याहून उद्बोधक आहे. जुन्या झालेल्या कांहीं आयफोनांची गति एका सुधारणेमुळें, म्हणजे अपडेटमुळें, कमी होते, असें ॲपल कंपनीनें डिसेंबर २०१७ मध्यें मान्य केलें. थकलेल्या बॅटरीमुळें फोन अचानक बंद पडूं नये हा आपला हेतु होता, असें तिचें म्हणणें; आणि तें खोटें मानण्याचें कारण नाहीं. परंतु नवी बॅटरी घातली असतां फोन पूर्ववत् चालला असता, ही गोष्ट वापरणाराला सांगण्यांत आली नव्हती. कित्येकांनीं फोनच म्हातारा झाला असें समजून नवा घेतला असल्यास त्यांत नवल नाहीं. फ्रेंच सरकारच्या ग्राहकखात्यानें २०२० सालीं या मौनाबद्दल कंपनीस अडीच कोटी युरो दंड केला. संगणकाचेंही असेंच आहे. २०१५ सालीं आलेल्या विंडोज १० या प्रणालीचा नेहमींचा आधार मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. आणि अनेक धडधाकट संगणक केवळ नव्या प्रणालीच्या अटींत बसत नाहींत म्हणून मागें पडले. यांत मोडलें कांहींच नाहीं. मोडल्यावांचून निकामी होणें, हा वस्तूंच्या इतिहासांतील अगदीं नवा मृत्यु होय.

याच सुमारास न्यायदेवतेनें मात्र एक जुनें सूत्र पुन्हां उच्चारिलें. छपाईयंत्राच्या शाईच्या डब्या पुन्हां भरून विकणाऱ्यांविरुद्ध लेक्समार्क कंपनीनें लढविलेल्या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं निकाल दिला कीं, वस्तु विकली कीं तिच्यावरील पेटंटाचा हक्क संपतो. निकालांत सतराव्या शतकांतील इंग्रज न्यायशास्त्री कोक याचा आधार घेतला आहे, आणि जुन्या गाड्या दुरुस्त करून विकणाऱ्या दुकानाचा साधा दृष्टांत दिला आहे. आमच्या आजोबांचें घंगाळाविषयींचें मत आणि कोकचें मत एकच होतें, हें पाहून मौज वाटते.

विधिमंडळेंही जागीं झालीं आहेत. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत २०१२ सालीं मोटारदुरुस्तीच्या हक्कावर लोकमत घेतलें, तेव्हां शेंकडा ८५ हून अधिक मतें हक्काच्या बाजूनें पडलीं. फ्रान्सनें २०१५ सालीं नियोजित कालबाह्यता हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा अपराध ठरविला, आणि २०२१ पासून कांहीं वस्तूंवर त्या कितपत दुरुस्त होऊं शकतात याचे गुण छापण्याची सक्ति केली. युरोपीय संघांत २० जून २०२५ पासून विकावयास येणाऱ्या मोबाईलना, त्या नमुन्याची विक्री थांबल्यावरही निदान पांच वर्षें सुधारणा पुरविण्याचें बंधन आहे. आपल्या देशांत स्पर्धा आयोगानें २०१४ च्या ऑगस्टांत चौदा मोटारकंपन्यांना मिळून सुमारें २५४४ कोटी रुपये दंड सुनावला. सुटे भाग व तपासणीचीं साधनें त्या स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळूं देत नाहींत, असा ठपका होता. प्रकरण अर्थात् अपिलांत गेलें. पुढें २०२२ सालीं केंद्र सरकारच्या ग्राहकखात्यानें या विषयावर समिति नेमली, व शेतीअवजारें, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक साधनें, घरगुती टिकाऊ वस्तु आणि मोटारी या चार वर्गांसाठीं दुरुस्तीविषयक माहितीचें एक संकेतस्थळ उघडलें. मात्र माहिती मिळणें निराळें आणि हक्क मिळणें निराळें.

कंपन्यांचें म्हणणें सर्वस्वीं टाकाऊ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. आजची बॅटरी चुकीच्या हातीं पेट घेऊं शकते. कुलूप नसेल तर चोरीच्या फोनाचे भाग बाजारांत येतील. जुन्या आज्ञावलींतील छिद्रें बुजविण्यास खर्च येतो, आणि तो यावच्चंद्रदिवाकरौ कोणी करावा, असा त्यांचा प्रश्न आहे. परंतु विजेची जोडणी धोक्याची आहे म्हणून आपण ती एकाच कंपनीच्या स्वाधीन केली नाहीं. तारतंत्र्यांना परवाने देण्याची पद्धति पाडली. धोका हें शिक्षणाचें व नियमांचें कारण होऊं शकतें, मक्तेदारीचें होऊं शकत नाहीं. आधार कायमचा मिळावा असें नाहीं. तो किती वर्षें मिळेल हें विकतांनाच सांगावें, आणि तो थांबवितांना किल्ली मालकाच्या हातीं द्यावी, एवढें मागणें अन्यायाचें नाहीं.

आणि हा तंटा केवळ चार पैशांच्या बचतीचा नव्हे. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर किंवा कोणत्याही तालुक्याच्या गांवीं फळकुटावर बसून भिंगांतून फोन निरखणारा मनुष्य पदवीवांचून एक शास्त्र शिकत असतो. वस्तु उघडणें बंद झालें कीं हें शिकणेंही बंद होतें, आणि ज्या समाजाला आपल्याच घरांतील यंत्रांच्या पोटांत काय आहे तें पाहण्याची बंदी आहे, त्यानें स्वतः यंत्रें घडविण्याची उमेद कोठून आणावी ?

आमच्या प्रांतांत जमीन कसणारें कूळ पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या मर्जीवर जगलें. १९४८ च्या कूळकायद्यानें त्याला संरक्षण दिलें, आणि पुढील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ या कृषकदिनीं कायद्यानें त्याला कसत्या जमिनीचा मालक मानिलें. त्यामागें किती वर्षांचा झगडा होता हें वाचकांस सांगावयास नको. त्याच कुळाच्या नातवानें कर्ज काढून यंत्र घ्यावें, आणि तें उघडण्यापूर्वीं दूरदेशींच्या धन्याची परवानगी मागावी, हें त्या झगड्याशीं कितपत सुसंगत होईल ? जमिनीच्या बाबतींत जो न्याय आपण मान्य केला, तो यंत्राच्या बाबतींत मान्य करण्याची वेळ आतां आली आहे, असें आम्हांस वाटतें.