पाच गुणांचं सुपे

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं की उरुळी कांचन, यवत मागं पडतात आणि भांडगाव येतं. कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, हमरस्त्याला खेटून उभे राहिलेले कारखाने, फाट्यावर गाडीची वाट बघत थांबलेली पोरं. बारावी आर्ट्स झालेल्यांना कॉलेज कोणतं, याचा फार खल करावा लागत नाही. केडगावचं सुभाष बाबुराव कुल महाविद्यालय, उरुळीचं मणिभाई देसाई, दौंडचं कटारिया. फारच हौस असेल तर बारामतीचं तुळजाराम चतुरचंद. खल होतो तो ‘स्पेशल’ कोणता घ्यायचा यावर. इतिहास घेतला म्हटलं की पारावरून एकच प्रश्न येतो, ‘एमपीएससी करणार का?’

प्रश्नात चूक काही नाही. पण इतिहास घेऊन बी.ए. होणं ही गोष्ट मुळात कुठून आली, हे पाहायला गेलं तर वाट फिरून फिरून याच मुलखात येते.

आधुनिक महाराष्ट्राच्या पेपरात एक टीप हमखास असते: दख्खनचे दंगे. गाईडमध्ये ती कारणं, स्वरूप, परिणाम अशा तीन कप्प्यांत बसवलेली. पाच गुण. पहिली ओळ पाठ करावीच लागते, की १२ मे १८७५ रोजी सुपे इथं शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. भांडगावच्या पुढं चौफुला लागतो. तिथून दक्षिणेला जो रस्ता फुटतो तो सुप्यावरूनच मोरगावला जातो. चतुर्थीला मयूरेश्वराच्या दर्शनाला निघालेली गाडी सुप्याच्या पेठेजवळून जाते, आणि आत बसलेल्या मुलीला तेच हे सुपे असं वाटतही नाही. गाईडमध्ये तालुक्याचं नावही भीमथडी असं असतं. भीमथडी म्हणजे पुण्यात डिसेंबरात भरणारी जत्रा, एवढंच तिला माहीत. भीमेच्या काठची तट्टं ज्या नावानं मराठी फौजेत नावाजली गेली, ती भीमथडी म्हणजे आपलीच दौंड-बारामतीकडची थडी, हे तिला कोण सांगणार?

सुप्याला त्या दिवशी झालं ते असं. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू असेतो इथल्या कापसाला सोन्याचा भाव होता, आणि सावकारही हात सैल सोडून कर्ज देत होते. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला. पाठोपाठ सरकारनं शेतसाऱ्याची फेरआकारणी करून तो वाढवला. सावकारांनी हात आखडते घेतले आणि जुन्या कर्जापायी कोर्टातून हुकूमनामे आणायला सुरुवात केली. ठिणगी आधीच शिरूर तालुक्यातल्या करड्यात पडली होती. तिथं काळूराम नावाच्या सावकारानं बाबासाहेब देशमुख या आपल्या ऋणकोविरुद्ध हुकूमनामा मिळवला आणि १८७४ च्या डिसेंबरात त्याच्या घराची मोडतोड केली. गावानं सावकाराशी व्यवहार तोडला; नांगरणी बंद, पाणी भरणं बंद, हजामत बंद. सुप्याला मात्र बाजारातच लोक जमले आणि वाण्यांच्या दुकानांवर चालून गेले. धान्य लुटलं, काही घरांना आगी लागल्या, पण मुख्य मागणी होती कागदांची. वह्या द्या, रोखे द्या. हाती आले ते जाळून टाकले. तिथून लोण तीसहून अधिक गावांत आणि नगर जिल्ह्यात गेलं, ९५१ जणांना अटक झाली.

ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं त्यांनी नेमका कागदच जाळावा, हे विसरण्यासारखं नाही. कर्ज कुठून सुरू झालं, व्याजाचं मुद्दल कधी झालं, जुन्या रोख्यावर नवा रोखा कधी चढला, सगळं त्या वहीत. आणि वही फक्त एकालाच वाचता येणारी.

या कागदांच्या पुढच्या गोष्टीत एक बी.ए. झालेला माणूस येतो. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं आणि १८६२ मध्ये त्याचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक. इतिहासापुरतं बोलायचं, तर ऑक्सफर्डलाही तेव्हा त्याला स्वतःची पंगत नव्हती. तो कायद्याच्या पंगतीला बसायचा. तिथं इतिहासाची स्वतंत्र शाखा निघाली १८७२ मध्ये. तेव्हा आपल्याकडची पदवी म्हणजे तिकडच्या जुन्या विषयाची उशिरा आलेली नक्कल, असं म्हणून चालत नाही. विषय दोन्हीकडं तसा कोवळाच होता. फरक एवढाच, की तिकडची मुलं स्वतःचा इतिहास शिकत होती, आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातली मुलंही बव्हंशी त्यांचाच.

रानड्यांना हे खटकलं असावं. विद्यार्थिदशेत त्यांनी एका उत्तरात मराठ्यांच्या राज्याशी इंग्रजी राज्याची तुलना केली आणि इंग्रजांचं माप कमी भरवलं, असा किस्सा त्यांच्या चरित्रांतून येतो. प्रिन्सिपल सर अलेक्झांडर ग्रँट यांनी बोलावून घेतलं. जे सरकार तुला शिकवतं त्याचीच निंदा करू नये, असं बजावलं, आणि सहा महिने शिष्यवृत्ती बंद केली. भलत्या उत्तराला नुसते गुण कापले जात नाहीत, हे मराठी मुलखात इतक्या लवकर सिद्ध झालं!

सुप्याच्या दंग्यानंतर सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर हे चार जिल्हे त्याखाली आले. कर्जापायी तुरुंग बंद झाला. पण खरी मेख बाराव्या कलमात होती: रोख्यावरचा आकडा डोळे झाकून न मानता न्यायाधीशानं व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन त्याचा इतिहास तपासायचा. इंग्रजी मसुद्यात शब्दही ‘हिस्टरी’ हाच आहे. आणि या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी १८८१ मध्ये साहाय्यक विशेष न्यायाधीश म्हणून जे नेमले गेले, जिल्ह्याजिल्ह्यांतून कोर्टं तपासत फिरले, ते रानडेच. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत त्या फिरतीची हकिगत येते. इतिहासाच्या पदवीनं काय मिळतं, असं पारावर कुणी विचारलं तर हे उत्तर द्यायला हरकत नाही. गाईडमधल्या टिपेत मात्र रानड्यांचं नाव नसतं. ते ‘समाजसुधारक’ या दुसऱ्या प्रकरणात असतात.

रानड्यांनंतरची तऱ्हा आणखी गमतीची. मराठी इतिहासाचं मोठं काम ज्यांनी केलं त्यांतले बहुतेक विद्यापीठाच्या उंबऱ्याबाहेरच राहिले. राजवाडे डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाले, पण त्या शिक्षणाबद्दल त्यांनी जे लिहिलं ते कडवटच. पुढं दप्तरं शोधत पायपीट केली, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. वासुदेवशास्त्री खरे मिरजेला शाळेत संस्कृत शिकवायचे. रियासतकार सरदेसाई बडोद्याच्या सयाजीरावांच्या नोकरीत. पेशवे दप्तरातल्या कागदांचे ४५ खंड त्यांनी संपादले ते निवृत्तीनंतर. थोडक्यात, पदवी कॉलेजात आणि इतिहास फडताळात.

पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये निघालं. पुढच्या दोन-तीन दशकांत तालुक्याच्या गावी कॉलेजं आली. बारामतीचं १९६२ मधलं. उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येऊ लागली आणि शेतकऱ्याच्या घरात पहिला बी.ए. झाला तो बहुधा इतिहास, मराठी नाहीतर राज्यशास्त्र घेऊनच. या विषयांना प्रयोगशाळा लागत नाही. फळा आणि खडू पुरतो. म्हणून ते मिळाले, आणि म्हणूनच त्यांना पुढं हलकं मानलं गेलं. वर्षानुवर्षं एफ.वाय.ला ‘छत्रपती शिवाजी आणि त्यांचा काळ, १६३० ते १७०७’ हा पेपर होता. तो पोरं आवडीनं वाचत. निम्मं घरीच ऐकलेलं असायचं. २०१९ पासून पहिल्या वर्षाला प्राचीन भारत आला आणि तक्रार सुरू झाली, की हे ताम्रपाषाणयुग आमच्या काय कामाचं?

चौफुल्यावरून आता उलट बाजूला वळायचं. केडगाव, जिथं पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन वसवलं. मग पारगावपाशी भीमा ओलांडून न्हावरे. याच शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांच्या तुकड्यांनी तिथलं पांढरीचं टेकाड खणलं. इ.स.पूर्व सोळाव्या शतकाच्या सुमारापासून सातव्यापर्यंत तिथं त्याच ताम्रपाषाणयुगातले शेतकरी नांदत होते. सातू पेरत, पुराचं पाणी चर खणून वळवत. लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसाचे पाय घोट्यापासून तोडून पुरत. सुरुवातीची घरं ऐसपैस चौकोनी. पाऊस हटत गेला तशी शेवटच्या काळात ती गोल झोपड्यांवर आली. खणणारी संस्था डेक्कन कॉलेज. १९३४ मध्ये तिथलं पदवीचं कॉलेज बंद पडलं, आणि १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून ती वास्तू पुन्हा उघडली. राजवाड्यांना जिथं जीव रमवता आला नाही, तिथलेच लोक पुढं कुदळ घेऊन घोडेच्या काठी आले.

२०२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणं ‘मेजर-मायनर’ आलं आहे, आणि त्यात क्षेत्रीय प्रकल्प करावा लागतो. श्रेयांकासाठी का होईना, वर्गाबाहेर जावं लागणार. चौफुल्याहून सुपे एकाच गाडीचं. तिथं जाऊन पोरांनी घरोघर विचारलं तर माळ्यावरून फडक्यात बांधलेलं एखादं बाडही निघेल. पुण्याच्या पुराभिलेखागारात अशाच बाडांना रुमाल म्हणतात. गाठ सोडली की आत मोडी. रेघेला टांगलेली, हात न उचलता ओढलेली अक्षरं. पोरगं मोबाइलवर त्याचा फोटो काढून सरांना पाठवतं. सर तो मोठा करून पाहतात, आडवा धरून पाहतात. साल लागतं, रुपयाची खूण लागते, ‘व्याज’ असावं असं वाटतं. पुढचं मोडीच्या वर्गाला गेलेल्या कुणाला तरी विचारावं लागेल, असं ते कळवतात.