भायखळा-परळची निवडणूक आणि कोकणातील कुळे

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहून द्यावे, असा चिटणीसांचा आग्रह झाला. आपल्या कुणबी ज्ञातीतील बहुतेक कुटुंबांचे एक पाऊल कोकणातील वाडीत व दुसरे परळ-लालबागच्या चाळीत राहिलेले आहे. ह्या दोन्ही ठिकाणांना जोडणारी एक निवडणूक १९३७ साली झाली. तिची माहिती आपल्या तरुण पिढीस नसावी असे वाटते, म्हणून तोच विषय घेतला आहे.

त्या वर्षी मुंबई प्रांताच्या विधानसभेसाठी भायखळा-परळ मतदारसंघातील राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उमेदवार होते. ते बॅरिस्टर. १९२३ पासून मुंबईस वकिली करीत. 'देशाचे दुश्मन' ह्या पुस्तकावरील १९२६ च्या खटल्यात जेधे-जवळकर आदि ब्राह्मणेतर पुढाऱ्यांचा त्यांनी केलेला बचाव गाजला होता. निवडणुकीच्या वेळी ते सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्यही होते. कायदेमंडळ त्यांस नवे नव्हते. १९२७ पासून ते जुन्या कौन्सिलात बसत आले होते, परंतु सरकारनियुक्त सभासद म्हणून. "ह्यांना निवडले कोणी?" असे विरोधकांनी विचारले, तर त्यास आकड्यांनी उत्तर देण्याची सोय नव्हती. ती सोय १९३७ सालीच प्रथम प्राप्त झाली आणि पराभवाचा धोकाही तिच्याबरोबरच आला.

धोका खरा होता. १९३२ च्या पुणे करारामुळे स्वतंत्र मतदारसंघ गेले व संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा आल्या. म्हणजे अस्पृश्यांचा प्रतिनिधी निवडताना इतर सर्वांचीही मते पडावयाची. शिवाय १९३५ साली येवल्यास त्यांनी धर्मांतराची घोषणा केलेली, त्यामुळे अनेकांचा रोष होता. मताधिकारही सर्वांस नव्हता. मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी असल्यामुळे प्रौढांपैकी सुमारे सहाव्या हिश्श्यालाच मत होते. ज्यांच्यासाठी हा वकील उभा होता त्यांच्यापैकी पुष्कळांचे नाव यादीतच नव्हते.

काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध उभे केलेले गृहस्थही साधे नव्हते. ते पालवणकर बाळू. चर्मकार समाजातील हा डावखुरा गोलंदाज प्रथम पुण्यास गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची देखभाल करी. पुढे १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. तरुणपणी आंबेडकरांना ह्याच बाळूंचा मोठा अभिमान होता. परंतु बाळू संयुक्त मतदारसंघांच्या बाजूचे व धर्मांतराच्या विरुद्ध होते. आपल्यातीलच दोन थोर माणसे समोरासमोर उभी राहावीत, ह्याचे मला आजही वाईट वाटते. पण उमेदवार निवडण्यात काँग्रेसने चातुर्य दाखविले, हे मान्य केले पाहिजे. तिसरे उमेदवार पां. ना. राजभोज होते.

येथे मतदानाची पद्धत थोडी समजून घेणे अवश्य आहे. मुंबई प्रांतात अशा मतदारसंघांतून एकाहून अधिक प्रतिनिधी निवडले जात व जितक्या जागा तितकी मते प्रत्येकास असत. ती सर्व मते एकाच उमेदवारास देण्याची मुभा होती. वर्गात मी हे गोट्यांनी समजावीत असे. तीन मुलांनी आपल्या तीन-तीन गोट्या एकाच डब्यात टाकल्या, तर आठ मुलांनी एकेक गोटी टाकलेल्या डब्यावर त्यांची मात होते. एकजुटीने मत देणाऱ्या अल्पसंख्याकांस हे मोठे बळ होते. पुढे १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत ही मुभा राहिली नव्हती आणि उत्तर मुंबईत त्यांचा पराभव झाला. त्या पराभवास अन्य कारणेही होती, परंतु पद्धतीतील हा फरक विसरू नये.

फेब्रुवारी १९३७ मध्ये मतदान झाले. आंबेडकरांस १३,२४५ व बाळूंस ११,२२५ मते मिळाली. फरक अवघा २,०२० मतांचा. राजभोज उभे नसते तर काय झाले असते, हा तर्क अनेकांनी केला आहे. तो मी वाचकांवर सोपवितो.

आता आपल्या ज्ञातीशी संबंध कोणता, ते सांगतो. ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापिलेला त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष केवळ एका समाजाचा नव्हता. शामराव परुळेकर, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस हे सवर्ण कार्यकर्तेही त्याच पक्षातर्फे निवडून आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोत म्हणजे काय, हे आजच्या मुलांस सांगावे लागते. सरकार व कुळ यांच्यामध्ये बसून वसूल करणारा तो वतनदार. अर्धेलीने निम्मे, तिर्धेलीने तिसरा हिस्सा पीक त्याच्या खळ्यावर जाई, आणि वर वेठ. आमच्या गावच्या खोतांचे नाव येथे लिहीत नाही; त्यांची नातवंडे आज आमच्याकडे गणपतीस येतात.

१० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. माझे आजोबा तेव्हा परळच्या एका गिरणीत बदली कामगार होते व त्या मोर्चात चालले होते. त्यांस मताचा अधिकार नव्हता. "मत नव्हते, पण पाय होते," असे ते म्हणत.

विधेयक संमत झाले नाही. विधानसभेच्या १७५ जागांपैकी ८६ काँग्रेसकडे होत्या, मंत्रिमंडळ बाळासाहेब खेरांचे होते, आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये त्या मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला. खेर स्वतः सॉलिसिटर. तेव्हा विधेयकातील मर्म त्यांस कळले नसेल असे म्हणता येत नाही. अखेर १९४९ चा खोती निर्मूलन कायदा त्यांच्याच दुसऱ्या कारकीर्दीत झाला व १९५० मध्ये अमलात आला. त्यानंतरही कज्जेदलाली बरीच वर्षे चालली. आजोबांच्या नावाचा सातबारा आमच्या घरी जुन्या पेटीत आहे. त्यावर आमच्या घरच्या साडेअकरा गुंठे वरकस जमिनीची नोंद आहे.