साठवण सर्व्हरवरील कंटेनर अनुप्रयोगांचे संवेष्टन

साठवण सर्व्हरवरील कंटेनर अनुप्रयोगांचे संवेष्टन किंवा पॅकेजिंग म्हणजे कंटेनर स्वरूपातील एखादे सॉफ्टवेअर साठवण सर्व्हरच्या ॲपसूचीत समाविष्ट करण्यासाठी त्याचे वर्णनपत्र, प्रश्नावली आणि मांडणीचे साचे तयार करण्याची प्रक्रिया होय. असे संवेष्टन झाल्यावर वापरकर्त्याला आज्ञा टंकलिखित न करता, सर्व्हरच्या वेबपानावरूनच ते सॉफ्टवेअर बसवता, अद्ययावत करता व काढून टाकता येते. ट्रूनॅस, अनरेड, सिनॉलॉजी, क्यूनॅप व अंब्रेल या प्रणालींच्या स्वतःच्या ॲपसूची आहेत.

संवेष्टन करताना मूळ सॉफ्टवेअर नव्याने लिहिले जात नाही. मूळ प्रकल्पाने प्रसिद्ध केलेली इमेज घेऊन ती सर्व्हरच्या साठवणीशी, जाळ्याशी आणि परवानग्यांशी जोडली जाते. कंटेनर केव्हाही नष्ट करून त्याच इमेजपासून पुन्हा उभा करता येतो. त्यात साठवलेला डेटा मात्र पुन्हा निर्माण करता येत नाही. त्यामुळे अनुप्रयोग आणि त्याचा डेटा यांची स्पष्ट फारकत करणे हा या प्रक्रियेचा गाभा मानला जातो.

इतिहास

एकाच संगणकावर सॉफ्टवेअर परस्परांपासून अलग ठेवून चालवण्याची सोय फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीत २००० साली 'जेल' या नावाने आली. २००५ मध्ये सुरू झालेली फ्रीनॅस ही साठवण प्रणाली फ्रीबीएसडीवर आधारित होती. तिच्यातील जोडसॉफ्टवेअर, म्हणजे 'प्लगइन', पुढे याच जेलमध्ये चालवली जाऊ लागली. लिनक्सच्या गाभ्यात २००८ मध्ये 'सीग्रुप्स' ही संसाधनांवर मर्यादा घालणारी सुविधा समाविष्ट झाली. मार्च २०१३ मध्ये डॉकर जाहीर झाल्यावर इमेज तयार करण्याची व वाटण्याची एक सोपी पद्धत रूढ झाली. जून २०१५ मध्ये स्थापन झालेल्या ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह या संस्थेने इमेजच्या स्वरूपाचे प्रमाणीकरण केले.

२०१५ मध्येच अनरेडच्या सहाव्या आवृत्तीत आणि सिनॉलॉजीच्या डीएसएम ५.२ या आवृत्तीत डॉकरची सोय झाली. फ्रीनॅसचे २०२० मध्ये ट्रूनॅस असे नामांतर झाले. ट्रूनॅस स्केल ही डेबियन लिनक्सवर आधारलेली शाखा फेब्रुवारी २०२२ मध्ये स्थिर स्वरूपात प्रसिद्ध झाली. तिच्यातील ॲप प्रारंभी कुबरनेटीस या व्यवस्थापन प्रणालीवर व हेल्म चार्ट या संवेष्टन पद्धतीवर चालत असत. ऑक्टोबर २०२४ मधील २४.१० या आवृत्तीपासून ट्रूनॅसने कुबरनेटीस सोडून डॉकर कंपोज स्वीकारले.

संवेष्टनाचे घटक

सर्व प्रणालींत बारकावे निरनिराळे असले तरी संवेष्टनाचे घटक साधारणपणे सारखेच असतात. अनरेडमध्ये प्रत्येक ॲपसाठी एक्सएमएल साचा लिहिला जातो. अंब्रेलमध्ये डॉकर कंपोजच्या धारिकेसोबत एक वर्णनपत्र द्यावे लागते. ट्रूनॅसच्या सार्वजनिक सूचीतील प्रत्येक ॲपमध्ये पुढील घटक आढळतात.

वर्णनपत्र: ॲपचे नाव, संवेष्टनाची आवृत्ती, मूळ सॉफ्टवेअरची आवृत्ती, देखभाल करणारे, मूळ संकेतस्थळ आणि ॲप कोणत्या वापरकर्त्याच्या ओळखीने व कोणत्या विशेषाधिकारांसह चालते, याची नोंद यात असते. संवेष्टनाची आवृत्ती व मूळ सॉफ्टवेअरची आवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साच्यात दुरुस्ती झाल्यास मूळ सॉफ्टवेअर तेच राहूनही पहिली आवृत्ती बदलते.

मूल्यपत्र: कोणती इमेज कोठून घ्यायची आणि तिची नेमकी खूण कोणती, हे यात लिहिलेले असते.

प्रश्नावली: ॲप बसवताना वापरकर्त्याला दिसणारा अर्ज यातून तयार होतो. पोर्ट क्रमांक, संकेतशब्द, डेटाची जागा, कालविभाग, प्रोसेसर व स्मृतीची मर्यादा असे प्रश्न त्यात असतात.

साचा: वापरकर्त्याची उत्तरे घेऊन त्यापासून डॉकर कंपोजची अंतिम धारिका तयार करणारा भाग. ट्रूनॅसमध्ये तो जिंजा या साचाभाषेत लिहिला जातो.

चाचणीमूल्ये: सूचीत बदल सुचवला गेल्यावर स्वयंचलित चाचणीत वापरली जाणारी नमुना उत्तरे. त्यांच्या आधारे ॲप प्रत्यक्ष उभे राहते की नाही, हे तपासले जाते.

ट्रूनॅसची सूची 'ट्रेन' नावाच्या विभागांत विभागलेली असून स्वयंसेवकांनी संवेष्टित केलेली बहुतेक ॲप 'कम्युनिटी' या विभागात असतात.

साठवण आणि परवानग्या

कंटेनरच्या आत लिहिलेली कोणतीही धारिका, बाहेरच्या साठवणीशी जोडलेली नसल्यास, कंटेनर काढून टाकताच नाहीशी होते. अद्यतनाच्या वेळी जुना कंटेनर काढून नवा उभा केला जातो. म्हणून मूळ सॉफ्टवेअर कोणकोणत्या निर्देशिकांत लिहिते, हे शोधून त्यांतील प्रत्येक निर्देशिका बाहेरच्या साठवणीशी जोडणे संवेष्टकाला आवश्यक असते. एखादी निर्देशिका राहून गेल्यास ॲप बसवताना दोष दिसत नाही. पहिल्या अद्यतनानंतर माहिती गायब झाल्यावरच तो उघडकीस येतो.

ट्रूनॅसमध्ये साठवणीचे दोन मुख्य पर्याय आहेत. पहिल्यात प्रणाली स्वतःच्या राखीव भागात ॲपसाठी जागा निर्माण करते. दुसऱ्यात वापरकर्ता स्वतः तयार केलेल्या डेटासेटचा मार्ग देतो. पहिला पर्याय सोपा असला तरी डेटा नजरेआड राहतो. दुसऱ्यात परवानग्या स्वतः द्याव्या लागतात, परंतु ॲप काढून टाकले तरी डेटा ओळखीच्या जागी राहतो व त्याचा वेगळा बॅकअप घेता येतो.

लिनक्समध्ये धारिकेची मालकी नावाने नव्हे, तर क्रमांकाने ओळखली जाते. ट्रूनॅसमध्ये ॲपसाठी ५६८ हा वापरकर्ता क्रमांक राखीव आहे. इमेजमधील सॉफ्टवेअर निराळ्या क्रमांकाने चालत असल्यास त्याला डेटासेटमध्ये लिहिता येत नाही. त्यामुळे काही ॲपमध्ये मुख्य कंटेनरआधी एक अल्पजीवी कंटेनर चालवून निर्देशिकेची मालकी सुधारली जाते.

उदाहरण: ईआरपीनेक्स्ट

मुंबईतील फ्रापे टेक्नॉलॉजीज या कंपनीने विकसित केलेले ईआरपीनेक्स्ट हे मुक्त स्रोत व्यवसाय-व्यवस्थापन सॉफ्टवेअर अनेक कंटेनरांच्या संवेष्टनाचे उदाहरण आहे. कंपनीची स्थापना रुषभ मेहता यांनी केली. हिशेब, साठा व खरेदी-विक्री यांच्या नोंदी त्यात ठेवता येतात. कंटेनरसाठी आवश्यक असलेली डॉकर कंपोजची धारिका प्रकल्पातर्फेच प्रसिद्ध केली जाते.

या मांडणीत मुख्य सेवा, वेबपाने पुरवणारी सेवा, तात्काळ संदेशांची सेवा, नियोजित कामांची सेवा आणि लहान व मोठ्या कामांच्या रांगा हाताळणाऱ्या दोन सेवा असे अनेक कंटेनर असतात. यांखेरीज मारियाडीबी हा डेटाबेस आणि रेडिस लागते. एक कंटेनर केवळ डेटाबेस व रेडिसचे पत्ते मांडणीत लिहून थांबतो. तो थांबणे हा बिघाड नसून अपेक्षित वर्तन आहे, हे साच्यात नमूद करावे लागते. अन्यथा सर्व्हर संपूर्ण ॲपच बंद पडल्याचे दाखवू शकतो.

ईआरपीनेक्स्टचा डेटा दोन ठिकाणी असतो. व्यवहारांच्या नोंदी मारियाडीबीत असतात, तर चढवलेल्या धारिका व प्रत्येक साइटचे मांडणीपत्र 'साइट्स' या निर्देशिकेत असते. साठवलेले संकेतशब्द उलगडण्यासाठी लागणारी कूटकळ याच मांडणीपत्रात असते. केवळ डेटाबेसचा बॅकअप घेतल्यास हिशेब परत मिळतात, परंतु जुन्या कळीवाचून त्यातील कूटबद्ध संकेतशब्द वाचता येत नाहीत. ट्रूनॅसची झेडएफएस ही धारिका प्रणाली एका मूळ डेटासेटखालील सर्व डेटासेटचे स्नॅपशॉट एकाच क्षणी घेऊ शकते. त्यामुळे डेटाबेस व 'साइट्स' यांचे डेटासेट एकाच डेटासेटखाली ठेवणे हिताचे ठरते.

अद्यतनात केवळ इमेज बदलणे पुरत नाही. नव्या आवृत्तीनुसार डेटाबेसची रचना बदलण्यासाठी प्रत्येक साइटवर स्थलांतराची आज्ञा चालवावी लागते. इमेजची जुनी आवृत्ती परत लावल्याने हा बदल उलटत नाही. म्हणून अद्यतनापूर्वीचा स्नॅपशॉट हाच माघारीचा भरवशाचा मार्ग असतो.

मराठी वापरासंबंधी बाबी

बहुतेक इमेज इंग्रजी वापर गृहीत धरून तयार केलेल्या असतात. त्यामुळे मराठी कागदपत्रांसाठी प्रश्नावलीत काही जादा पर्याय ठेवावे लागतात.

पेपरलेस-एनजीएक्स हे कागदपत्रे स्कॅन करून शोधण्याजोगी साठवणारे सॉफ्टवेअर अक्षरओळखीसाठी टेसरॅक्टचा वापर करते. त्याच्या इमेजमध्ये इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, इटालियन व स्पॅनिश या भाषांची सामग्री आधीच असते, मराठीची नसते. मराठीसाठी दोन स्वतंत्र चल मूल्ये द्यावी लागतात: एकाने मराठीची सामग्री उतरवली जाते, तर दुसऱ्याने अक्षरओळखीच्या वेळी ती वापरली जाते. संवेष्टकाने यांपैकी एकच चल प्रश्नावलीत ठेवल्यास सातबारा उतारा किंवा बाजार समितीची पावती साठवली जाते, पण तिच्यातील मजकूर शोधता येत नाही.

इमेजमध्ये देवनागरी टंक नसल्यास पीडीएफमध्ये अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. डेटाबेसचा अक्षरसंच लॅटिन असल्यास देवनागरी मजकूर नीट साठवला जात नाही. फ्रापेच्या कंपोज धारिकेत मारियाडीबीसाठी यूटीएफ८एमबी४ हा संच स्पष्टपणे नमूद केलेला असतो. कालविभाग 'एशिया/कोलकाता' असा न दिल्यास नोंदींवरील वेळ साडेपाच तासांनी मागे दिसू शकते. रात्री बारा ते पहाटे साडेपाचदरम्यान केलेली नोंद अशा वेळी आदल्या दिवसाच्या तारखेत पडते.

जाळ्याची गती आणि वीजपुरवठा यांचाही विचार करावा लागतो. नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातील नामपूरसारख्या कांद्याच्या बाजारपेठेच्या गावात कार्यालयातील सर्व्हरवर नोंदी ठेवल्यास इंटरनेट खंडित असतानाही काम चालू राहू शकते. मात्र वीज गेल्यावर डेटाबेस व्यवस्थित बंद होण्यासाठी सर्व्हरला यूपीएसची जोड लागते. तसेच डेटाबेस तयार झाल्यावरच इतर कंटेनर सुरू होतील, अशी अट साच्यात ठेवावी लागते.

सुरक्षितता

चांगल्या संवेष्टनात कंटेनरला केवळ आवश्यक तेवढेच अधिकार दिले जातात. ट्रूनॅसच्या साच्यांमध्ये सर्व विशेषाधिकार आधी काढून घेतले जातात आणि गरजेपुरते परत दिले जातात. डॉकरचे नियंत्रण करणारे सॉकेट एखाद्या कंटेनरला जोडून देणे हे त्याला संपूर्ण सर्व्हरचे अधिकार देण्यासारखेच असते.

इमेजसाठी 'लेटेस्ट' ही खूण वापरणे टाळले जाते. या खुणेमागील इमेज कोणत्याही क्षणी बदलू शकते. त्यामुळे दोन सर्व्हरवर एकाच नावाने भिन्न सॉफ्टवेअर चालण्याचा संभव असतो. नेमका आवृत्ती क्रमांक किंवा इमेजचा शा-२५६ ठसा नमूद केल्यास ही संदिग्धता राहत नाही. डेटाबेसच्या मुख्य आवृत्तीबाबत हे विशेष महत्त्वाचे आहे. पोस्टग्रेसच्या एका मुख्य आवृत्तीने लिहिलेली डेटा निर्देशिका पुढच्या मुख्य आवृत्तीला थेट उघडता येत नाही.

देखभाल आणि २०२४ मधील स्थलांतर

संवेष्टन हे एकदा करून संपणारे काम नाही. मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की खूण, चले आणि कधीकधी डेटाची रचनाही बदलते. ट्रूनॅसच्या सूचीत नव्या आवृत्त्या सुचवण्याचे काम रेनोव्हेट हा स्वयंचलित कार्यक्रम करतो. मात्र चले किंवा डेटाची रचना बदलल्यास साचा माणसालाच सुधारावा लागतो.

ट्रूनॅसने कुबरनेटीस सोडले, तेव्हा देखभालीचे महत्त्व स्पष्ट झाले. अधिकृत सूचीतील ॲपसाठी स्वयंचलित स्थलांतराची सोय देण्यात आली होती. ट्रूचार्ट्स या स्वयंसेवकांच्या स्वतंत्र सूचीतील ॲप हेल्म चार्टवर आधारलेली असल्याने तशी सोय त्यांना लागू नव्हती, आणि त्या सूचीचा ट्रूनॅससाठीचा आधारही २०२४ मध्येच थांबला. ज्यांचा डेटा स्वतः निवडलेल्या डेटासेटमध्ये होता, त्यांना नवे ॲप बसवून तोच मार्ग पुन्हा देता येत होता. ज्यांचा डेटा कुबरनेटीसच्या अंतर्गत साठवणीत होता, त्यांना तो आधी बाहेर काढावा लागला. दोन्ही गटांनी वापरलेले सॉफ्टवेअर सारखे असले, तरी संवेष्टनाच्या प्रश्नावलीत साठवणीविषयी दिलेल्या एका उत्तरावर त्यांच्या स्थलांतराची सुलभता अवलंबून राहिली.

हे सुद्धा पहा

डॉकर (सॉफ्टवेअर)
कुबरनेटीस
झेडएफएस
ईआरपीनेक्स्ट
मुक्त स्रोत सॉफ्टवेअर